आडनावं दोन, सातबाऱ्यावर एकही नाही

जानेवारी 2026 मध्ये महापालिकेची निवडणूक झाली तेव्हा पनवेलमध्ये एकाएकी बायकांना माहेरं फुटली. एरवी घरात ‘आमची मंडळी’ आणि गल्लीत ‘अमक्याची बायको’ असणारी बाई ठाणा नाक्यापासून कामोठ्यापर्यंत फलकांवर चढली आणि चढताना दोन आडनावं घेऊन चढली. एक सासरचं, एक माहेरचं, मध्ये आडवी रेघ. आधी ‘सौ.’ होतंच, ते कुठं जात नाही. 78 जागांची महापालिका, त्यात निम्म्या जागा बायकांच्या. उमेदवारीची बोलणी चालतात तेव्हा बाईचं शिक्षण किती, तिनं वॉर्डात काय काम केलं, हे विचारायला कोणाला फुरसत नसते. विचारतात ते एकच: ‘वहिनींचं माहेर कुठलं?’ म्हणजे सासरच्या गावठाणातली मतं एका आडनावावर आणि माहेरच्या भाऊबंदांची दुसऱ्यावर. दोन्ही खाती एकाच फलकावर जमा.

मला त्या रेघेबद्दल बोलायचं आहे. मी पनवेलला वकिली करते. जमिनीचीच कामं जास्त. या तालुक्यात दुसरं काय असणार! त्यामुळे दोन आडनावांच्या बायका मला फलकावर दिसतात तशा टेबलासमोरही बसतात. फलकावर माहेरचं आडनाव ठळक असतं. माझ्या टेबलावर त्या आडनावाबरोबर आलेली जमीन सोडायची असते. ती ज्या कागदानं सोडतात त्याला हक्कसोडपत्र म्हणतात. इतकी वर्षं हे पाहून माझं एक मत झालं आहे आणि ते मी गुळमुळीत करून सांगणार नाही: मराठी बाईला दुसरं आडनाव इतक्या सहज मिळालं, कारण ते देताना कोणाच्या खिशातून काही जात नव्हतं. ती भावांनी घातलेली ओवाळणी आहे. ताटात नाणं पडलं, वाजलं, सगळ्यांनी ऐकलं. तिजोरीची किल्ली होती तिथंच राहिली.

आधी जोडआडनावांना हसणाऱ्यांचा समाचार घेऊ. ‘दोन-दोन आडनावं कशाला? नाव आहे की रेल्वेचा डबा?’ हा विनोद मी लग्नाच्या मांडवात, बार रूममध्ये आणि साहित्य संमेलनाच्या चहाच्या रांगेत ऐकला आहे. विनोद करणारे गृहस्थ त्याच संध्याकाळी विखे-पाटील, मोहिते-पाटील, नाईक-निंबाळकर, सावंत-भोसले ही नावं घेताना आवाज खाली आणतात. तिथं डबे मोजावेसे वाटत नाहीत. का? कारण पुरुषाच्या जोडआडनावामागे गाव उभं असतं. पाटील, देशमुख, कुलकर्णी, देशपांडे ही मुळात हुद्द्यांची नावं. हुद्द्याबरोबर वतन आणि वतनाबरोबर इनामाची जमीन. मूळ आडनावाला हुद्दा जोडला की मालकी जाहीर होते. 1950 च्या कायद्यानं परगणे आणि कुलकर्णी वतनं गेली, 1962 च्या कायद्यानं मुलकी पाटलाचं वंशपरंपरागत पद गेलं. पद गेलं, सनद गेली, रुबाब मात्र आडनावात मुरून बसला. आज ज्याच्या पणजोबानं शेतसारा गोळा केल्याला शंभरावर वर्षं झाली, तोही ‘पाटील’ जोडतो आणि कोणी त्याला विचारत नाही की बाबा, तुझ्या बापाचं आणि सासऱ्याचं आडनाव वेगळं आहे का, म्हणून दोन लावतोस?

आमच्या पनवेल-उरणकडे तर याची आणखी गंमत. आगरी-कोळी गावांत निम्मी घरं पाटील, उरलेली म्हात्रे, ठाकूर, घरत, भोईर, भगत. पाटलाची मुलगी पाटलाकडे दिली तर तिनं काय लावायचं? पाटील-पाटील? एका पक्षकार बाईला मी हे विचारलं तर ती म्हणाली, “मंग रेघ तरी कुठं द्यायची, वकीलबाई? आमचं माहेरपण गावाच्या नावानं चालतं.” तिनं सगळ्या स्त्री-अभ्यासकांपेक्षा थोडक्यात सांगितलं.

सगळ्याच जोडआडनावांना मी एका मापानं मोजत नाही. अश्विनी भिडे-देशपांडे, आरती अंकलीकर-टिकेकर ही नावं मैफिलीच्या पत्रिकेवर वाचताना कोणाला नवरा आठवत नाही, आणि वडीलही आठवत नाहीत, गाणं आठवतं. ते पहिलं आडनाव त्या बायकांनी स्वतः कमावलं होतं. श्रोत्यांनी ते ओळखलं होतं. लग्न झालं म्हणून ती कमाई का सोडायची? मृणाल देव-कुलकर्णी किंवा माधुरी दीक्षित-नेने यांचंही तेच. तिथली रेघ म्हणजे धंद्याची पत टिकवणं, आणि त्यात काही गैर नाही; मी स्वतः एकच आडनाव लावते, माहेरचं, तेही वकिलीच्या सनदेवर तेच होतं म्हणून. क्रांती वगैरे काही नाही. शाळेतल्या मैत्रिणीला फेसबुकवर आपण सापडावं म्हणून दोन आडनावं ठेवणारीही मला आवडते. ती निदान खरं कारण सांगते.

आणि हेही कबूल केलं पाहिजे की आपण फार लांबून आलो आहोत. आडनावाचं काय घेऊन बसलात, आपल्याकडे बाईचं पहिलं नावही लग्नात पुसलं जायचं. मनू गोखलेची लक्ष्मीबाई टिळक झाली. 1893 साली धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाई जोशी या विधवेशी लग्न केलं, केवढं धाडसाचं लग्न. तरी गोदूबाईची आनंदीबाई झालीच. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यावर नवं नाव काढायचं, हा विधी आजही हौसेनं होतो, आता ड्रोननं त्याचं चित्रीकरण होतं एवढाच फरक. फोटो काढून झाला की तांदूळ गोळा करतात. नाव कुठं जातं ते कोणी बघत नाही.

‘दोन्ही आडनावं पुरुषांचीच, एक बापाचं आणि एक नवऱ्याचं’ हा मुद्दा काढणारे मला दर महिन्याला भेटतात. मुद्दा बरोबर आहे. त्यावर उपायही लोकांनी शोधले: ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकाच्या गीताली वि. मं. यांनी आडनावच टाकून आईवडिलांच्या नावांची अक्षरं घेतली, लता प्रतिभा मधुकर यांनी दोघांची अख्खी नावं घेतली. ज्यांना हे परदेशी फॅड वाटतं त्यांनी नाशिकच्या पांडवलेण्यात जाऊन यावं. तिथल्या शिलालेखांतले गौतमीपुत्र सातकर्णी आणि वासिष्ठीपुत्र पुळुमावी आईचं नाव लावून राज्य करत होते. पण मी या वाटेनं पुढं जात नाही. नाव कोणाचं, हा प्रश्न माझ्या टेबलावर दुसरा येतो. पहिला येतो तो, नावावर काय आहे.

त्याआधी नावाच्या घोळाचं एक उदाहरण देते. बाई पन्नाशीची. शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या नावानं. आधार सासरच्या. पॅनकार्डावर दोन्ही आडनावं, पण रेघ गाळून एकत्र चिकटवलेली, कारण यंत्राला रेघ चालत नाही. बँकेच्या पासबुकात तर कमाल: कुणा कारकुनानं ‘सौ.’ हे पहिल्या नावाच्या रकान्यात टाकलं आणि बाईचं खरं नाव मधल्या रकान्यात सरकलं. बँकेच्या दृष्टीनं तिचं नाव ‘सौ’ आणि नवऱ्याचं नाव तिचंच नाव. मग तिनं प्रतिज्ञापत्र करायचं की ‘वरील सर्व नावांची व्यक्ती एकच असून ती मी स्वतः आहे.’ हे वाक्य मी इतक्या बायकांकडून लिहून घेतलं आहे की झोपेतही टाइप करीन. एकाही पुरुषाला लग्न झालं म्हणून आपण आपणच आहोत हे शपथेवर सांगावं लागलेलं मी पाहिलेलं नाही. मजा म्हणजे लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असं सांगणारा कायदाच या देशात नाही. पासपोर्टसाठी नाव बदलण्याची गरज नाही हे 2017 मध्ये खुद्द पंतप्रधानांनी सांगितलं. खिडकीतला कारकून मात्र अजून विचारतो, “मिस्टरांचं आडनाव का नाही लावलं?”

आता मूळ विषयावर, म्हणजे जमिनीवर येते.

पनवेल, उरण आणि ठाण्याच्या पट्ट्यातली 95 गावं नवी मुंबईसाठी घेतली गेली. ती वसवणारी सिडको 1970 ची. जमिनीच्या भावासाठी लोक लढले, जानेवारी 1984 मध्ये जासई-दास्तानच्या आंदोलनात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व आलं. पुढे त्याच दिबांचं नाव नवी मुंबईच्या विमानतळाला मिळावं म्हणून जून 2021 मध्ये मानवी साखळी झाली, सिडकोला घेराव पडला. त्या साखळीत बायका होत्या, लेकरं कडेवर घेऊन होत्या. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, या मुलखाला नावाची किंमत जितकी कळते तितकी पुण्याच्या परिसंवादवाल्यांना कळत नाही. ज्याची जमीन गेली त्याचं नाव फलकावर राहिलं पाहिजे, हे इथल्या अडाणी म्हातारीलाही समजतं. अगदी न्याय्य म्हणणं आहे ते.

मग तेच घर, तीच माणसं, बहिणीच्या बाबतीत हे गणित का विसरतात?

कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्रानं 1994 मध्येच, तोवर लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. 2005 मध्ये केंद्रानं तो सगळ्या मुलींना दिला. 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा हक्क जन्मानंच येतो, 2005 मध्ये वडील हयात होते की नव्हते याला महत्त्व नाही. यात शंकेला जागा राहिलेली नाही. म्हणूनच हक्कसोडपत्रांची गर्दी वाढली. आधी बहिणीला विचारायचीच गरज नव्हती. आता सही लागते.

ती सही कशी होते ते पाहा. सकाळी भावाची गाडी बहिणीच्या दारात. वाटेत मिसळ. भावजयीनं घेतलेली साडी पिशवीत. बाई कार्यालयाच्या बाकावर बसते, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. भाऊ फोनवर. मी कागद वाचायला लागते तर भाऊच म्हणतो, “वाचायला नको हो मॅडम, घरचंच हाय.” मी तरी वाचते: ‘सदर मिळकतीतील माझा अविभक्त हिस्सा मी स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय व कोणताही मोबदला न घेता...’ बाई मान हलवते. मी भावाला चहाला पाठवते आणि विचारते, हे किती पैशांचं आहे माहीत आहे का? तिला माहीत असतं. विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ पट्ट्यातल्या बाईला भाव माहीत नसेल असं समजू नका. ती म्हणते, “भावाला नाय कशी बोलू? उद्या माझ्या दारात कोन येईल? माहेर तुटंल.”

आणि त्या कागदावर तिचं नाव बघा. ‘सौ. अमुक तमुक म्हात्रे, पूर्वाश्रमीची कु. अमुक ढमुक पाटील.’ पहिलं नाव, नवऱ्याचं नाव, बापाचं नाव, दोन्ही आडनावं, सगळं शुद्ध, सगळं पूर्ण, वेलांटीसुद्धा तपासलेली. आयुष्यभर बँकेनं, शाळेनं, रेशन दुकानानं जिचं नाव वाटेल तसं लिहिलं, तिची दोन्ही आडनावं बिनचूक लिहिणारा हा पहिलाच कागद असतो. कारण माहेरचं आडनाव नीट लिहिल्याशिवाय माहेरचा हक्क नीट संपत नाही. या सहीला लागणारा मुद्रांक 200 रुपयांचा होता. ऑक्टोबर 2024 पासून 500 झाला. महागाई फार वाढली!

भावांची बाजूही ऐकलेली आहे, फी घेऊन ऐकलेली आहे. ‘लग्नात दिलं की तिला.’ म्हणजे 1961 च्या हुंडाबंदी कायद्यानं जो गुन्हा ठरला तीच यांची पावती. ‘हळदीला डीजे लावला, दोन दिवस गाव जेवला.’ गाव जेवला, बहीण नाही; ती त्या दिवशी उपाशी होती. ‘आईवडलांना आम्ही सांभाळलं.’ याला मात्र मी गप्प बसते, पण पुरतं नाही. कारण शेवटच्या आजारपणात हॉस्पिटलात रात्रपाळीला कोण होतं हे विचारलं की बहुतेकदा उत्तर बहिणीचंच येतं. आणि सासरचेही साळसूद समजू नका. बायकोचं माहेरचं आडनाव ज्यानं वीस वर्षं तोंडातून काढलं नाही, त्या नवऱ्याला विमानतळाची धावपट्टी दिसायला लागल्यावर ते लख्ख आठवतं. तो तिला दावा लावायला घेऊन येतो, पुढच्या खुर्चीत स्वतः बसतो आणि ‘आम्हाला आमचा हिस्सा पाहिजे’ म्हणतो. आमचा! बाई मागच्या खुर्चीत. दोन आडनावांच्या मधली ती रेघ म्हणजे बाईची जागा, हे मी पुस्तकात वाचलं नाही, खुर्च्यांच्या मांडणीत पाहिलं.

सरकारनं काही केलं नाही असं नाही. मार्च 2024 मध्ये मंत्रिमंडळानं ठरवलं की 1 मे 2024 ला किंवा नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. आईचं नाव आलं, सत्कार झाले. आडनाव कोणाचं? रकाना एकच आहे, आणि तो कसा भरला जातो हे सांगायला वकील नको. म्हणजे आईनं हौसेनं जपलेलं दुसरं आडनाव एका पिढीत खलास. लेकराच्या जन्मदाखल्यावर त्याला जागा नाही. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं असतात, एक वडिलांकडचं आणि एक आईकडचं, आणि पुरुषांना त्यात कमीपणा वाटल्याचं ऐकिवात नाही. जर्मनीनं 1 मे 2025 पासून नवराबायको दोघांनाही जोडआडनाव लावायची मुभा दिली. दोघांनाही, हे महत्त्वाचं. आपल्याकडे रेघ ही फक्त बाईनं ओढायची.

त्या 2024 च्या निर्णयात एक ओळ होती, तिचा सत्कार कोणी केला नाही. विवाहित बाईचं नाव नेहमीच्याच पद्धतीनं, म्हणजे तिचं, नवऱ्याचं आणि आडनाव असं लिहायचं. पण मालमत्तेच्या दस्तऐवजात तिला लग्नाआधीच्या नावानं नोंद करायची मुभा राहील. साऱ्या निर्णयातली कामाची ओळ हीच. त्यानंतर माझ्याकडे आलेल्या बायकांपैकी एकीनंही ती ऐकलेली नव्हती. भावांनी ऐकली नसावी, हे मी समजू शकते.

आणखी एक गोष्ट बायकांना कोणी सांगत नाही. दोन आडनावांतलं खरं कोणतं, याचं उत्तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम 15 मध्ये आहे. बाई मृत्युपत्र न करता गेली आणि मूलबाळ, नवरा मागे नसेल, तर तिनं स्वतः कमावलेली मिळकत आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यांच्यानंतर. दीर पुढे, आई मागे. बापाकडून मिळालेलं असेल तर तेवढं बापाच्या वारसांकडे परत. म्हणजे कायदाही तिची मिळकत कुठून आली ते बघतो, ती कोण होती ते बघत नाही. फलकावर कितीही आडनावं लावा. एक साधं मृत्युपत्र केलं तर हे सगळं टळतं. त्याला मुद्रांक लागत नाही.

तेव्हा दोन आडनावं लावणाऱ्या, न लावणाऱ्या, लावावीत की नाही म्हणून अडलेल्या सगळ्या बायांनो, आडनावाचं तुमचं तुम्ही बघा, मला त्यात पडायचं नाही. हक्कसोडपत्र आणून दिलं तर घरी न्या, चार दिवस ठेवा, दुसऱ्या वकिलाला दाखवा. भावानं ठरवलेल्या वकिलाला नव्हे, म्हणजे मलाही नव्हे. नोंदणी झालेला दस्त रद्द करून घ्यायला दिवाणी कोर्टात जावं लागतं आणि फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांचीच मुदत असते. वडील गेले असतील तर वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे करता येतो, सरकारच्या ‘ई-हक्क’ प्रणालीवर ऑनलाइनही करता येतो, त्याला भावाची परवानगी लागत नाही. सातबारा महाभूलेख संकेतस्थळावर फुकट दिसतो. डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांना मिळतो. गाव टाका, गट नंबर टाका आणि खातेदारांच्या यादीत आपलं नाव आहे का ते आज रात्री बघा.